डेकखालचा स्कंक घालवला तरी परत येतो, तेव्हा काय तपासायचं

अमेरिकेत किंवा कॅनडात बॅकयार्ड असलेल्या घराला हा त्रास कधी ना कधी होतोच. डेक (घराला लागून असलेला लाकडी ओटा), शेड किंवा मागच्या पायऱ्यांखाली स्कंक राहायला येतो, पिंजरेवाला येऊन त्याला घेऊन जातो आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तोच दर्प. प्राणी गेलेला असतो, पण बीळ आणि खाणं जागेवरच असतं, आणि एकाने सोडलेलं बीळ दुसरा स्कंक सर्रास वापरतो. म्हणून खालचा सगळा क्रम जागा कायमची बंद करण्यासाठी आहे. पकडापकडी त्यात जवळपास नाहीच.

स्कंक म्हणजे घाबरला की शेपटीखालून उग्र वासाचा द्रव फवारणारा प्राणी. इथे तो मांजराएवढा, पाठीवर पांढरे पट्टे असलेला नेहमीचा स्कंक. तो खोदण्यात पटाईत, चढण्यात कच्चा. ठिपकेवाला स्कंक लहान असतो आणि चांगला चढतो. तो असेल तर जाळीचा भाग थेट व्यावसायिकावर सोपवा.

लक्षणं

लॉनमध्ये रातोरात तीन-चार इंच रुंदीचे, खाली निमुळते होत जाणारे खड्डे पडतात. हिरवळीचे पट्टेच्या पट्टे उलटून टाकले असतील तर तो बहुधा रॅकून.

डेकच्या कडेला ४ ते ६ इंचांचं भोक दिसतं आणि त्याच्यापुढे मातीचा फार मोठा ढीग नसतो. भोक १० इंचांच्या आसपास आणि पुढे ओंजळी-ओंजळीने नव्हे, घमेल्याने मोजावी एवढी माती असेल तर ग्राउंडहॉग (बिळात राहणारा मोठा, जाडजूड कुरतडणारा प्राणी) समजा. तो दिवसाढवळ्या चरताना दिसतोही. दोन-तीन इंचांचं, कडा गुळगुळीत झालेलं भोक उंदरांचं.

वास कसा येतो हे सगळ्यात बोलकं. रोज, मंद, जमिनीलगत येत असेल तर वस्ती आहे. एकाच रात्री जोराचा भपकारा येऊन दोन दिवसांत विरला, तर वाटेने जाणाऱ्या स्कंकने कुणावर तरी फवारा मारला, एवढंच. फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा जुगण्याचा काळ. मागे लागलेल्या नराला मादी फवारून पिटाळते, त्यामुळे रात्री दोन-तीनला घर अचानक घाणतं आणि डेकखाली मात्र काहीच नसतं.

याशिवाय भोकाच्या कडेला अडकलेले काळे-पांढरे राठ केस, किड्यांची टरफलं आणि पंख दिसणारी विष्ठा (हात लावू नका, जंत असू शकतात), आणि एकाच कोपऱ्याशी नाक लावून बसणारा कुत्रा.

सगळ्यात आधी: वास घरात येत असेल तर

हा वास भारतात नसतो, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला तो ओळखू येत नाही. जळकं रबर, कुजका लसूण, गॅस, काहीही वाटतं. गॅस वाटणं अगदीच चूक नाही. स्कंकच्या फवाऱ्यातली मुख्य द्रव्यं आणि पाइपच्या गॅसला मुद्दाम वास यावा म्हणून मिसळतात ती द्रव्यं एकाच कुळातली आहेत: थायोल, म्हणजे गंधकाची संयुगं.

त्यामुळे वास बाहेरपेक्षा घरात जास्त असेल, किंवा शेगडी, फर्नेस, वॉटर हीटर यांच्याजवळ वाढत असेल, तर तो गॅसच आहे असं धरून चाला. दिव्याचं बटण दाबू नका, सगळे बाहेर पडा, बाहेरूनच गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर किंवा ९११ ला फोन करा. त्यांनी गळती नाही असं सांगितल्यावरच स्कंकचा विचार करायचा.

फुकटात होणारं: खाणं बंद करा

स्कंक काहीही खातो. मराठी घरांत एक गोष्ट हमखास सापडते: आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि पक्ष्यांसाठी कठड्यावर भात, पोळीचे तुकडे ठेवतात. पक्षी संध्याकाळी जातात, उरलेलं रात्री स्कंक आणि रॅकून संपवतात. ठेवायचंच असेल तर सकाळी ठेवा आणि अंधार पडायच्या आत ताटली घरात घ्या. बर्ड फीडरखाली सांडलेले दाणे, मांजराचं बाहेर ठेवलेलं खाणं, झाडाखाली पडलेली पेअर-सफरचंदं, झाकण नसलेल्या कंपोस्टमध्ये टाकलेलं शिजवलेलं अन्न, आदल्या रात्रीच बाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी, या सगळ्याला तोच नियम.

लॉनमध्ये खड्डे पडत असतील तर मातीखाली हुमणी आहे. गावाकडे उसात लागते तशीच, भुंग्यांची अळी. इथे ती जॅपनीज बीटल, जून बीटल वगैरेंची असते. फवारणीवर पैसे घालण्याआधी मोजून बघा: एक फूट बाय एक फूट हिरवळ तीन बाजूंनी कापा, चौथ्या बाजूवर उलटा आणि वरची दोन-तीन इंच माती हाताने चाळा. पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्ध्या कड्यासारख्या वळलेल्या अळ्या दिसतील. चार-पाच जागी बघा. चौरस फुटात दोन-चार असतील तर सोडून द्या, निरोगी लॉन तेवढ्या सोसतं. दहाच्या वर असतील तर उपाय करा.

उपायाची वेळ चुकली की पैसे वाया. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत अळ्या लहान आणि वरच्या थरात असतात. तेव्हा हेटेरोरॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा हे सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे अतिसूक्ष्म कृमी) पाण्यातून सोडले तर काम होतं. संध्याकाळी सोडायचे, कारण उन्हात ते मरतात. आधी आणि नंतर जमीन ओली हवी. वसंतातल्या मोठ्या झालेल्या अळ्यांवर हेच औषध फारसं चालत नाही. मिल्की स्पोअर नावाची पावडर फक्त जॅपनीज बीटलच्या अळीवर चालते, तीही सावकाश. स्कंक घालवायला ती घेऊ नका. आणि हुमणी गेल्याने उकरणं थांबतं, बीळ रिकामं होईलच असं नाही.

पिठाची चाचणी

बिळाच्या तोंडापुढे दोन फूट लांब-रुंद जागा हाताने सपाट करा आणि त्यावर कणीक किंवा मैदा पातळ भुरभुरा. सूर्यास्तापूर्वी करा आणि रात्री दहाच्या सुमारास लांबून टॉर्च मारून बघा. स्कंकच्या पावलाला पाच बोटं असतात आणि पुढच्या पायाच्या ठशापुढे लांब नखांचे वेगळे टिंब उमटतात. मांजराची चारच बोटं, नखं आत. कुत्र्याचीही चारच, पण नखं दिसतात.

ही चाचणी टाळू नका. भोकात राहतो तो खरंच स्कंक आहे का आणि ठसे कुठल्या दिशेने जातात, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

भोक चालू आहे की जुनं, हे बघायला वर्तमानपत्राचे बोळे करून तोंडात सैल भरा. दोन-तीन रात्री तसेच राहिले तर बीळ रिकामं. मात्र कडाक्याच्या थंडीत यावर विसंबू नका. स्कंक पूर्ण शीतनिद्रा घेत नाही, पण गारठ्यात आठवडेच्या आठवडे बाहेर पडत नाही, आणि एका बिळात अनेक माद्या एकत्र झोपलेल्या असू शकतात. जानेवारीत बोळे हलले नाहीत म्हणून भोक बुजवलं की मार्चमध्ये डेकखाली काय होईल ते सांगायला नको.

महिना कोणता आहे?

पैसे लागत नाहीत, पण सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. उत्तरेकडच्या राज्यांत पिल्लं साधारण एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जन्मतात, एका वेळी चार ते सहा. डोळे उघडायला तीन आठवडे जातात आणि आईमागे रांगेने बाहेर पडायला सहा ते आठ. या काळात आई बाहेर असताना भोक बंद केलं तर पिल्लं आत मरतात आणि आई रात्रभर डेकभोवती उकरत फिरते. मग जो वास सुटतो त्यापुढे फवारा परवडला.

ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरची अखेर ही बंदिस्ती करायची वेळ. मे ते ऑगस्टची सुरुवात या दिवसांत खाणं बंद करा, मुलांना आणि कुत्र्याला त्या कोपऱ्यापासून लांब ठेवा आणि थांबा. पिल्लं मोठी झाली की शरदापर्यंत कुटुंब आपोआप पांगतं.

हुसकावणं

जागा नकोशी वाटली तर स्कंक स्वतःहून बिऱ्हाड हलवू शकतो. भोकाकडे तोंड करून दिवा, शेजारी बोलण्याच्या कार्यक्रमावर लावलेला लहान रेडिओ, बिळाच्या तोंडाच्या एका बाजूला मांजराची वापरलेली लिटर (शौचाच्या डब्यातली माती). बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. तीन-चार रात्री करून बघा. हे कधी लागू पडतं, कधी नाही. निदान खर्च नाही.

काही गोष्टी मात्र करूच नका. नॅप्थलिनच्या गोळ्या बाहेर टाकणं इथे लेबलाविरुद्धचा, म्हणजे बेकायदा वापर ठरतो. शिवाय ते विष मातीत राहतं आणि मुलांच्या हाती लागतं. अमोनियात भिजवलेल्या चिंध्यांची वाफ फिरून घरातच येते, आणि चालता न येणारी पिल्लं त्यात गुदमरतात. पाण्याचा पाइप सोडणं किंवा धूर करणं म्हणजे फवाऱ्याला आमंत्रण. विष घातलेला प्राणी नेमका डेकच्या मधोमध मरतो, जिथे हात पोहोचत नाही.

एकतर्फी दार

पिल्लं नाहीत याची खात्री असेल आणि थंडी कडक नसेल तेव्हाच. मुख्य तोंड सोडून बाकीची सगळी भोकं आधी बंद करा. मग तोंडावर वरून बिजागरीने टांगलेली जाळीची झडप लावा, बाहेरच्या बाजूला उघडणारी. झडप भोकापेक्षा दोन्ही बाजूंनी आणि खाली काही इंच मोठी हवी आणि जमिनीवर तिरकी टेकलेली हवी, म्हणजे आतून ढकलली की उघडते आणि बाहेरून ओढता येत नाही. सरळ उभी लोंबणारी झडप स्कंक नाकाने उचलून आत जातो.

कोरड्या हवेच्या किमान तीन-चार रात्री ठेवा. मग झडपेच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पीठ भुरभुरा. दोन रात्री आत नवा ठसा नाही, तरच पुढची पायरी.

जाळी: खरा उपाय इथेच आहे

खोदण्याच्या काही दिवस आधी अमेरिकेत ८११ ला फोन करा (कॅनडात या कामाचा नंबर वेगळा असतो, तो शोधा). जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाइनी रंगाने आखून देतात, फुकट. चर फूटभरच आहे म्हणून हे टाळू नका, केबल त्याहून वर असू शकते.

जाळी घ्यायची ती अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, गॅल्वनाइज्ड, वेल्ड केलेली. दुकानात तिला हार्डवेअर क्लॉथ म्हणतात. १९ गेज चालते, १६ गेज जास्त टिकते (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका. ती मातीत लवकर गंजते आणि रॅकून फाडतो.

हिशोब असा. डेक १२ बाय १६ फुटांचा, १६ फुटांची बाजू घराला लागून. उरल्या बाजू १२, १६ आणि १२, म्हणजे ४० फूट. कोपऱ्यांवरच्या सहा-सहा इंच जोडासकट ५० फुटी रोल पुरतो. रोल तीन फूट रुंद घ्या: एक फूट वर डेकच्या फळीला, एक फूट जमिनीत सरळ खाली आणि शेवटचा एक फूट चराच्या तळाशी बाहेरच्या बाजूला आडवा. डेक जमिनीपासून फुटापेक्षा उंच असेल तर चार फुटी रोल लागेल.

तो आडवा फूट वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण चर त्यामुळे रुंद खणावा लागतो. पण स्कंक भिंतीला चिकटून खाली उकरतो. त्याच्या पंजाखाली जाळी लागली की तो थांबतो. दोन पावलं मागे सरून तिथून बोगदा सुरू करावा हे त्याला सहसा सुचत नाही. सरळ खाली गाडलेल्या जाळीखालून तो बिनधास्त जातो.

फळीला जाळी रुंद वॉशर घातलेल्या स्क्रूने, दर सहा इंचांवर. स्टेपल एका हिवाळ्यात सुटतात. जमीन खडकाळ असेल तर चर सोडा: जाळी एल आकारात वाकवून दोन फुटांचा आडवा भाग जमिनीवरच पसरा आणि लांब यू पिनांनी दर फुटाला ठोका. हिरवळ वरून वाढते आणि जाळी झाकली जाते. तोपर्यंत लॉनमोव्हर जपून.

सगळं करूनही स्कंक परत आला तर या जागा बघा, याच क्रमाने: डेक घराला मिळतो तो कोपरा, पायऱ्यांच्या बाजू, एसी युनिटच्या चौथऱ्यामागची फट, आणि कोपऱ्यावर जाळीचे दोन तुकडे फक्त टेकवून ठेवलेले. भोकात दगड, विटा किंवा काँक्रीट ओतून काम भागत नाही. तो सहा इंच बाजूला नवं काढतो.

जाळी लावल्यावर लागोपाठ दोन रात्री एकाच जागी बाहेरून उकरलेलं दिसलं, किंवा आतून बारीक किंकाळ्या ऐकू आल्या, तर त्याच दिवशी जाळी उघडा. आत कुणी तरी राहिलं आहे.

बेसमेंटच्या खिडकीच्या खड्ड्यात पडलेला स्कंक

हा चढू शकत नाही, म्हणून तिथेच फिरत राहतो. फूटभर रुंद फळीला जुना टॉवेल किंवा आडव्या पट्ट्या ठोकून ती खड्ड्यात तिरकी सोडा, उतार ४५ अंशांपेक्षा कमी. हळू चाला, त्याच्याशी हलक्या आवाजात बोला आणि निघून जा. रात्रीतून तो वर येतो. मग खड्ड्यावर प्लास्टिकचं झाकण बसवा. गॅरेजमध्ये शिरला असेल तर संध्याकाळी दार उघडं ठेवा, उंबऱ्यावर पीठ टाका आणि बाहेर जाणारे ठसे दिसल्यावर दार लावा.

फवाऱ्याआधी तो इशारा देतो: पुढचे पाय जमिनीवर आपटतो, शेपटी उभी करतो, मग अंग वळवून तोंड आणि शेपटीखालची बाजू दोन्ही तुमच्याकडे करतो. दहा फुटांपर्यंत नेम चुकत नाही. पाय आपटताच सावकाश मागे सरकायचं. कुत्र्यांना हा इशारा कळत नाही, म्हणून रात्री कुत्र्याला सोडण्यापूर्वी बाहेरचा दिवा लावून मिनिटभर थांबा.

फवारा बसलाच तर

टोमॅटोच्या रसाने काही होत नाही. नाक थकतं, एवढंच. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाचं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेलं मिश्रण चालतं, कारण ते थायोलचं ऑक्सिडीकरण करून वासच मोडतं: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट (सुमारे ९५० मिलि), खाण्याचा सोडा पाव कप, भांडी घासायचा द्रव साबण एक-दोन छोटे चमचे. सोडाच हवा, बेकिंग पावडर नाही. उघड्या बादलीत कालवा, लगेच कोरड्या केसांवर चोळा, पाच मिनिटांनी धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. उरलेलं बाटलीत भरून ठेवू नका. वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. काळ्या केसांचा रंग थोडा उतरतो.

धुतल्यानंतर कुत्रा पावसात भिजला की वास पुन्हा येतो. फवाऱ्यातली काही द्रव्यं पाण्याशी संयोग होऊन नव्याने थायोल बनवतात. तेव्हा तीच कृती पुन्हा करा.

इथे थांबा आणि फोन करा

चावा किंवा ओरखडा: जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, बघू उद्या असं नको. अमेरिकेत रेबीज वाहणाऱ्या मुख्य वन्य प्राण्यांत स्कंक आहे. तो मारला गेला असेल तर डोकं शाबूत राहू द्या, तपासणी मेंदूची होते. कुत्रा-मांजर भिडलं असेल तर लस झालेली असली तरी व्हेटला सांगा.

लडखडणारा, गोल गोल फिरणारा, मागचे पाय ओढणारा किंवा कारण नसताना अंगावर येणारा स्कंक: सगळ्यांना आत घ्या आणि अ‍ॅनिमल कंट्रोल किंवा पोलिसांना कळवा. नुसता दिवसा दिसला म्हणून घाबरू नका. पिल्लांची आई भर दुपारीही खाणं शोधते.

पिल्लांचा आवाज येतो पण आई दोन रात्री दिसलेली नाही, प्राणी डेकखाली मेला आहे, किंवा बीळ घराच्या पायाखाली किंवा क्रॉलस्पेसमध्ये (घराखालच्या, रांगत जावं लागेल एवढ्या पोकळीत) जातं, ही कामंही स्वतःची नव्हेत. टाउनशिपचा अ‍ॅनिमल कंट्रोल बऱ्याच ठिकाणी फक्त पाळीव आणि आजारी प्राणी बघतो, म्हणून राज्याचा परवाना असलेला वन्यजीव नियंत्रक शोधावा लागतो.

स्वतः पिंजरा लावू नका. पकडलेला स्कंक गाडीत घालून लांबच्या पार्कात सोडणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तर कुठलाच पकडलेला वन्य प्राणी दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. मग पिंजऱ्यात आलेल्याला तिथेच सोडणं किंवा मारणं एवढेच पर्याय उरतात.

नियंत्रकाला फोनवरच तीन गोष्टी विचारा: परवाना क्रमांक काय, पकडलेल्या प्राण्याचं काय करणार, आणि दरात बाहेर वळवलेल्या जाळीचं काम धरलं आहे का. तिसऱ्यावर जो फक्त पिंजऱ्याचा रोजचा दर सांगतो, त्याला नको म्हणा आणि पुढचा नंबर लावा.